माजघरातले फोटो

मे महिन्यातली दुपार होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि पर्समध्ये कांदा टाकून मी मावशीसोबत तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ऑनलाइनच्या दुकानात गेले. नागपूरच्या महाल भागातली अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. समोर झेरॉक्सचं मशीन, बाजूला लॅमिनेशन, आत कूलर आणि त्याच्या ओल्या वाळ्याचा वास, भिंतीवर 'सर्व फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी. एप्रिलमध्ये मावशीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. विम्याच्या क्लेमचे कागद पोर्टलवर चढवायचे होते आणि मुदत संपत आली होती. मुलानं पुण्याहून पाठवलेला त्याचा जुना आयफोन मावशी वापरते. रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आधार, रद्द केलेला चेक, सगळ्यांचे फोटो त्यावरच काढलेले. ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर आले, पण उघडेनात. प्रत्येक नावाच्या शेवटी एचईआयसी. दुकानातल्या पोरानं आधी नावाचं शेपूट बदलून जेपीजी करून पाहिलं. पोर्टलनं ते घेतलं नाही, कारण नाव बदललं तरी फाइलच्या आतली मांडणी तीच राहते. मग त्यानं सर्चमध्ये दोन शब्द टाकले, सगळ्यात वर आलेली साइट उघडली, सगळे फोटो एकदम निवडले आणि तिथल्या चौकोनात ओढून सोडले. एक निळी पट्टी सरकू लागली. तिच्याखाली एकेक छोटं चित्र उमटत गेलं. त्यांत मावशीच्या पोटावरच्या टाक्यांचाही फोटो होता. डॉक्टरांना दाखवायचा म्हणून ड्रेसिंगच्या वेळी मीच काढून दिलेला. कागदांच्या फोटोंच्या मध्येच तो बसला होता.

मावशीनं तो पाहिला. पदर पुढे ओढून घेतला आणि पोराला विचारलं, "बेटा, हे कुठं गेलं आता?"

"कुठीच नाही गेलं, मावशी. कन्व्हर्ट होऊन राहिलं फक्त."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं. पट्टी भरली, फोटो जेपीजी होऊन परत आले, त्यानं हवे तेवढे पोर्टलवर चढवले, पावती छापून दिली, पैसे घेतले आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. निघताना माझी नजर त्याच्या डेस्कटॉपवर गेली. चिन्हांची दाटी झाली होती आणि त्यांतली बरीचशी आधार कार्डं होती. अनोळखी माणसांचे चेहरे, अंगठ्याएवढे, ओळीनं. बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत शिरत होतं. मावशी काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र तिनं पुन्हा विचारलं, "पण तो फोटो कुठं गेला असेल ग?" मला उत्तर देता आलं नाही. मग ते शोधणं भागच होतं.

या प्रश्नाला एक जुनं घर आहे. आमच्या लहानपणी फोटो काढायचा म्हणजे सीताबर्डीला जायचं. स्टुडिओत लाकडी स्टूल, मागे रंगवलेला तलाव आणि पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दिव्यांची धग. फोटोवाले काका हनुवटी दोन बोटांनी किंचित वळवून द्यायचे. चार दिवसांनी फोटो मिळायचा, पण निगेटिव्ह त्यांच्याकडेच राहायचं, खाकी पाकिटात, पाकिटावर आकडा. 'पुन्हा लागलं तर आकडा सांगा,' असं ते म्हणायचे. अख्ख्या गावाचे चेहरे त्या फडताळात होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण काकांचं घर, त्यांचं देवघर, त्यांच्या मुलीचं सासर, सगळं आम्हाला ठाऊक होतं. आमचे चेहरे त्यांच्याकडे, त्यांचं आयुष्य आमच्यासमोर.

मावशीचा 'दाखवायचा' फोटोही तिथलाच. निळसर नऊवारी, कानात कुडी, चेहऱ्यावर घाबरल्याचं आणि न घाबरल्याचं दोन्ही. तो पोस्टानं अमरावतीच्या एका घरी गेला. स्थळ जमलं नाही, पण फोटो परत आला नाही. आजोबा शांत माणूस, कुणाला कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, पण त्या एका फोटोसाठी त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली. 'आमच्या मुलीचा फोटो कृपया परत पाठवावा.' शेवटी आला, एका कोपऱ्यात दुमडलेला. आजीनं तो ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ठेवला. मला लहानपणी हे अती वाटायचं. एक कागद तर होता. आता आजोबांचा तो हट्ट मला पुरता समजतो. लेकीचा चेहरा नको त्या घरात पडून राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यांच्याकडे निदान एक पत्ता होता, ज्यावर पत्र लिहिता येत होतं.

टाक्यांच्या फोटोसाठी मी कुठल्या पत्त्यावर लिहिणार होते?

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकते. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. ही पोरगी एरवी दोन शब्दांत उत्तरं देते. त्या संध्याकाळी तिनं मला फोटोच्या पोटात काय असतं ते पहिल्यांदा नीट सांगितलं. एमपेग नावाच्या गटानं २०१५ मध्ये हेइफ नावाची पद्धत पक्की केली, एचईआयसी हे तिचंच रूप, आणि २०१७ साली ॲपलनं आयओएस ११ बरोबर ते फोनमध्ये आणलं. जेपीजीच्या साधारण निम्म्या जागेत तसाच फोटो मावतो, म्हणून फोनला ते सोयीचं. पण त्यामागचं एचईव्हीसी हे तंत्र पेटंटांच्या जाळ्यात अडकलेलं आहे, म्हणून बहुतेक ब्राउझरांनी त्याला दारात घेतलं नाही. सफारीनं घेतलं, तेही २०२३ मध्ये. आपल्याकडची बहुतेक पोर्टलं तर फोटोसाठी अजून जेपीजी आणि पीएनजीच्या पलीकडे जायला तयार नाहीत. म्हणजे मावशीच्या हातातला फोन एका काळातला आणि तिच्यापुढचा फॉर्म दुसऱ्या काळातला. मधल्या फटीत ते ऑनलाइनचं दुकान आणि ती अनोळखी साइट.

जेपीजीची गोष्ट मला त्याहून आवडली. १९९२चं हे मानक. त्याच्या मुळाशी जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते नासिर अहमद यांना सुचलं. ते मूळचे बेंगळुरूचे. १९७२ मध्ये त्यांनी त्यावर काम करायला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, तर कल्पना फारच साधी आहे म्हणून नकार आला. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनात उजेड किती सावकाश बदलतो आणि किती भराभर, हे वेगळं काढायचं, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल टाकून द्यायचे. रंगापेक्षा उजेड-अंधार आपल्याला नेमका दिसतो, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवायची. मी डोळे मिटून विचार करत राहिले, की आईच्या साठीच्या फोटोपासून रोजच्या वर्तमानपत्रातल्या ई-पेपरपर्यंत जगातले किती चेहरे या एका नाकारलेल्या कल्पनेतून गेले असतील. अर्थात टाकून दिलेलं परत येत नाही. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करत गेलं की अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके साठत जातात. म्हणून सहीसाठी किंवा बारीक अक्षरांच्या कागदासाठी, फॉर्मनं मुभा दिली तर, पीएनजी बरं. ते काही टाकून देत नाही.

आणि मग तिनं ते सांगितलं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

फोटो बदलण्यासाठी तो कुठंही पाठवायची गरज नाही.

मला वाटायचं की हे काम फार जड असणार, कुठल्यातरी मोठ्या यंत्रालाच झेपणार, म्हणून फोटो तिकडे जातो आणि होऊन परत येतो. तसं नाही. आपल्या ब्राउझरला चित्र उघडून, आकार लहान करून, वेगळ्या मांडणीत लिहून द्यायची सोय कधीपासून आहे. एचईआयसी ब्राउझरला थेट कळत नसेल, तर ते उलगडणारी खुली लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा तयार कोड, वेबअसेम्ब्लीच्या रूपात पानाबरोबरच उतरवून घेता येते. जड काम ब्राउझरच्या आतच भराभर करू देणारी ही सोय. वेबअसेम्ब्ली २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत आलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये वेबचं अधिकृत मानक झालं. म्हणजे चांगल्या साइटवर होतं ते असं: पान उघडताना कन्व्हर्ट करणारं गणित आपल्या फोनवर येतं. आपण फोटो निवडतो, तो त्या टॅबच्या मेमरीत उघडतो, तिथंच बदलतो आणि तिथूनच आपल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उतरतो. वाय-फायच्या राउटरपर्यंतसुद्धा तो जात नाही. गूगलच्या क्रोम टीमनं २०१८ मध्ये स्क्वूश नावाचं पान याच पद्धतीनं बांधून दाखवलं. तशी आणखीही आहेत, काही फक्त एचईआयसीसाठी.

"पण ते खरं बोलून राहिले हे कसं समजायचं?" मी विचारलं. तिला हाच प्रश्न हवा होता. तिनं पान पूर्ण उघडू दिलं. एक बिनमहत्त्वाचा फोटो, आमच्या गच्चीवरच्या जास्वंदीचा, बदलून पाहिला, म्हणजे लागणारं सगळं सामान खाली आलंय याची खात्री झाली. मग फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि वाय-फायही बंद आहे ना ते पाहिलं. आता बाहेर जायला वाटच नाही. त्यानंतर मावशीचा रिपोर्ट निवडला. क्षणभरात जेपीजी तयार. सेव्ह केलं, टॅब बंद केला आणि मगच नेट सुरू केलं. टॅब आधी बंद करणं महत्त्वाचं, कारण कपट करायचंच असेल तर पान फोटो धरून ठेवू शकतं आणि नेट आल्यावर पाठवू शकतं. लॅपटॉपवर एफ१२ दाबून नेटवर्कचा रकाना उघडला तर कोणती विनंती कुठं जातेय तेही दिसतं. तीन एमबीचा फोटो चढत असेल तर तो लपत नाही. ब्राउझरमध्ये नको ती एक्सटेन्शनं बसवलेली असतील तर ती मात्र पानावरचं वाचू शकतात, म्हणून आधी ती काढून टाकायची. फ्लाइट मोडमध्ये साइट 'एरर' म्हणाली तर समजायचं की काम तिच्याकडे होत होतं, तुमच्याकडे नाही.

हा फरक माझ्या मनात खोल रुतला. दुसऱ्या साइटींवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'तुमच्या फायली एका तासात पुसल्या जातात.' पुसतही असतील. पण ते एक वचन आहे, आणि वचन देणारा कोण, कुठल्या देशात बसलाय, हे आपल्याला माहीत नाही. फ्लाइट मोडमध्ये चालणाऱ्या पानाला वचन द्यावंच लागत नाही. फोटो त्याच्या हातात पडतच नाही. ज्यांच्या बाबतीत विश्वास ठेवायला कारण नाही त्यांच्यावर विश्वास ठेवायची वेळच येऊ न देणं, याला मी फार मोठी गोष्ट मानते. २०२५च्या मार्चमध्ये एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयानं लोकांना बजावलं होतं की फुकट फाइल बदलून देणाऱ्या काही साइटी परत येणाऱ्या फाइलबरोबर व्हायरस पाठवतात आणि चढवलेल्या कागदांतून नावं, नंबर, पासवर्ड उपसतात. सगळ्याच तशा नसतात. पण घाईत सर्चमधली पहिली ओळ दाबणाऱ्याला कुठली कशी हे कळणार कसं? पुष्कळांना ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याजवळ दिसणारं कुलूप पुरेसं वाटतं. ते कुलूप वाटेवरचं आहे. वाटेत कुणी डोकावणार नाही एवढंच ते सांगतं, पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे याबद्दल ते काहीच म्हणत नाही. इन्कॉग्निटोचं, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीचंही तसंच. आपल्या ब्राउझरच्या इतिहासात मागमूस राहत नाही, फाइल मात्र जायची तिथं जातेच.

फोटोत आणखी काय काय असतं ते पाहताना मी थोडी हादरले. भाचीनं टाक्यांच्या फोटोची माहिती उघडली. कोणता फोन, किती वाजता, आणि खाली दोन आकडे: २१ अंश उत्तर, ७९ अंश पूर्व, पुढे दशांशांची लांब रांग. नकाशावर टाकले तर टाचणी बरोबर मावशीच्या घरावर. याला एक्झिफ म्हणतात. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असली की हे आकडे फोटोबरोबर जातात, विचारल्याशिवाय. आपल्या झिरो माइलच्या दगडाजवळ मी लहानपणी पुष्कळदा खेळले आहे, ते चार घोडे, तो खांब, आणि जवळच १९०७ सालची जीटीएसची, म्हणजे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण, समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली. भारत मोजायला निघालेल्या लोकांनी साखळ्या आणि दुर्बिणी वाहून नेत एकेक बिंदू पक्का केला. आता पोटावरच्या टाक्यांच्या फोटोतही तसा पक्का बिंदू असतो, आणि तो मोजायला कुणी मावशीच्या दाराशी आलेलं नसतं. ब्राउझरमधल्या साध्या पद्धतीनं फोटो पुन्हा लिहिला की बहुतेकदा ही माहिती गळून पडते, कारण नवं चित्र फक्त ठिपक्यांपासून बनतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तरी गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नाही.

मावशीला हे सगळं सांगायचं कसं, हा मला प्रश्न होता. सांगायला बसले तर तीच म्हणाली, "म्हणजे ओसरीवरचा माणूस माजघरात घेतला आपण." तिचं बालपण वाड्यात गेलंय. ओसरीवर कुणीही यावं, पाणी प्यावं, पत्ता विचारावा. माजघरात नात्यातलं माणूसच येणार, आणि तेही आवाज देऊन. मी तिला मग आणखी एक गोष्ट सांगितली. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्या नवांमधले एक होते शरद बोबडे, आपल्या नागपूरचे, इथंच शिकलेले, पुढे सरन्यायाधीश झालेले. त्यांनी आपलं मत स्वतंत्र लिहिलं आणि त्यात आपल्याच जुन्या ग्रंथांकडे बोट दाखवलं. घरातल्या माणसांचा एकांत जपला जाईल असं घर कसं बांधावं हे गृह्यसूत्रं सांगतात, मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्र मनाई करतं. मावशी ऐकून जराशी सरळ बसली. "नागपूरचे? मग बरोबर," म्हणाली. खासगीपणा हे परदेशातून आलेलं खूळ आहे, आपल्याकडे सगळे सगळ्यांच्या घरात असतात, असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. त्यांनी माझ्या आजीचं माजघर पाहिलेलं नाही.

तरी माझ्या मनात एक शंका राहतेच आणि ती लपवण्यात अर्थ नाही. रिपोर्ट शेवटी विमा कंपनीकडे गेलाच. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर तो आधीपासून आहे. लॅबनं तो मेलनं पाठवला होता. आधार कार्डाच्या प्रती तर सिम कार्डापासून लॉजच्या खोलीपर्यंत किती ठिकाणी पडल्या असतील. मग मधल्या एका साइटनं काय मोठं बिघडतं? भाचीच्या एका मित्राचं हेच म्हणणं होतं, आणि ते मला पटत नाही. डॉक्टरांना टाके दाखवले ते मावशीनं ठरवून दाखवले. विमा कंपनीला रिपोर्ट दिला तो पैशांसाठी, करारानं, आणि काही झालं तर त्यांच्या दारात जाऊन जाब विचारता येतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदासुद्धा संमती मोकळेपणानं आणि समजून दिलेली असावी असंच म्हणतो. त्या निळ्या पट्टीवाल्या साइटला मावशीनं काहीच दिलेलं नव्हतं. तिचं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. आधीच पुष्कळ गेलंय म्हणून उरलेलंही जाऊ द्यावं, हा हिशेब मला कधीच कळला नाही.

आणि दोष त्या पोराचा नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. दाराबाहेर उन्हात माणसं उभी, हातात उत्पन्नाचे दाखले, जातीची प्रमाणपत्रं, बारावीच्या गुणपत्रिका. प्रत्येक फॉर्मची वेगळी अट. इथं फोटो २० ते ५० केबी, तिथं सही १० ते २० केबी, तिसरीकडे पीडीएफच हवी. फोनचा फोटो ४०३२ बाय ३०२४ ठिपक्यांचा, तीन-चार एमबीचा. हे अंतर कापून देणं ही त्याची रोजी आहे. आम्ही पुन्हा त्याच्याकडे गेलो, भाची आणि मी, गर्दी नसताना. तिनं त्याला फ्लाइट मोडची युक्ती दाखवली, म्हणजे त्याच्या इथं वायर काढून. वायर काढलेली असतानाही फोटो बदलला, तेव्हा तो खुर्चीतून पुढे सरकला. "म्हणजे माझंच मशीन करून राहिलं हे?" त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मला अजून दिसतो. पण त्याचं मशीन जुनं, मेमरी अपुरी. तेवढा मोठा फोटो उलगडला की मेमरीत सुमारे ४९ एमबी होतो, आणि दहा फोटो एकदम टाकले तर टॅब बसतो. म्हणून एकेक करावा लागतो, आणि गर्दीच्या दिवशी एकेक करायला त्याला वेळ नसतो. त्यानं बुकमार्क ठेवलाय. आधारांसाठी तोच वापरतो, बाकीच्यांसाठी कधी वापरतो, कधी नाही. आधाराचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी मास्क केलेली प्रत मिळते हे त्याला माहीत होतं. मागायला कुणी येत नाही, म्हणाला. डेस्कटॉप मात्र त्यानं आमच्यासमोर साफ केला आणि रिसायकल बिनही रिकामं केलं.

माझं खरं भांडण पोर्टलं बांधणाऱ्यांशी आहे. फोटो लहान करायचा, जेपीजी करायचा, आडवा असेल तर उभा करायचा, हे सगळं त्यांच्याच पानावर, नागरिकाच्याच फोनमध्ये करता येतं. त्यासाठीचं सामान खुलं आहे, फुकट आहे, वर्षानुवर्षं वापरात आहे. गडचिरोलीहून फॉर्म भरणाऱ्या मुलीला एचईआयसी हा शब्द माहीत असायची गरज काय? 'फाइल स्वीकारली नाही' एवढं लाल अक्षरांत लिहून पोर्टल मोकळं होतं, आणि ती मुलगी आपली गुणपत्रिका, सही आणि चेहरा घेऊन सर्चमधल्या पहिल्या ओळीकडे जाते. तिला तिकडे कोण ढकलतं, याचा विचार व्हायला हवा. नागपुरात बसून अशी पोर्टलं बांधणारी, तपासणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या फॉर्मच्या वेळी फोटो तिथंच बदलून देणारी ती एक खिडकी बांधा.

मावशी आता स्वतः करते. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की फोटो मुळात जेपीजीच निघतो, हे भाचीनं तिला दाखवून दिलं. जुने फोटो असतील तर ती ते पान उघडते, विमानाचं चिन्ह दाबते, काम करते, बंद करते. कुणाचा कुठला फोटो कुठं जाणार हे तिनं मनाशी पक्कं ठरवलंय आणि त्यात तिचे तिचे नियम आहेत. टाक्यांचा फोटो डॉक्टरांनी पाहिला त्या दिवशीच पुसला. नातीचा न्हाऊ घालतानाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवरसुद्धा टाकायचा नाही, यावरून मुलाशी वाद घातला आणि जिंकली. अमरावतीहून परत आलेला तो दुमडलेला फोटो मात्र तिनं स्कॅन करून घेतला आणि सगळ्या नातवंडांना पाठवला. "आता पाहू द्या कोणाले पाहायचा तो," म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती दुखणं विसरून मारबत पाहायला गेली. इतवारी-महालच्या त्या गर्दीत, ढोलताशांत, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडणाऱ्या पोरांच्या मधोमध उभं राहून तिनं पिवळ्या मारबतीचा फोटो काढला. रंग भडक, कोपऱ्यात कुणाचा तरी हात, वर तारांचं जाळं, पण मारबत अशी अंगावर आलेली की मीही पाहत राहिले. तिला तो अमेरिकेतल्या भावाला, पुण्यातल्या मुलाला, सगळ्यांना पाठवायचा होता, पूर्ण आकारात, एक ठिपकाही कमी न करता. मी म्हटलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यात जागा जाते ग, आकड्यांसकट. "जाऊ दे की," ती म्हणाली. "महालातलीच आहे म्हणून कळू दे त्यांना." आणि तिनं स्वतःच्या बोटानं पाठवला.